खळ

पत्रकं चिकटवायची खळ मी घरी करायचे,
तांदळाच्या पिठाची. कण्या कोंबड्यांच्या,
आईचा हिशेब स्पष्ट होता.
चिमूटभर मोरचूद घातलं की झुरळं कागद खात नाहीत,
हे शुद्धोदनने शिकवलं. त्याला असलं सगळं यायचं.
मार्क्स आम्हा सर्वांनाच थोडा थोडा.

जुलैत सातजण होतो.
दिवाळीपर्यंत पाच,
आणि त्या पाचांच्या दोन संघटना.
फूट एका शब्दावरून पडली:
पत्रकात 'मागणी' लिहायचं की 'हक्क'.
भाट्याच्या पुलावर भांडण सुरू झालं तेव्हा
खाडीत नुसता चिखल होता,
थांबलं तेव्हा होड्या हलायला लागल्या होत्या.
रेहाना होडेकर म्हणाली,
"शेवटची एसटी गेली.
आता चालायचा हक्क घ्या, नाहीतर मागणी करा."

भांडत होतो तेही त्याच एसटीसाठी.
प्रॅक्टिकल सुटायचं साडेपाचला,
पूर्णगडची गाडी पाच-दहाला.
मुली एकेक करून सायन्स सोडत होत्या
आणि प्राचार्य सभेत सांगत,
आपल्याकडच्या मुलींचा ओढा मुळात कलेकडे.

भाऊ बोटीवर ऑइलर. मालक ग्रीक,
झेंडा तिसऱ्याच देशाचा, पगार उशिरा.
पिरेअसहून त्याचं पाकीट आलं, आत एक फोटो:
अथेन्समधल्या कुठल्याशा कॉलेजची भिंत.
भिंत दिसतच नव्हती.
कागदावर कागद, लाल अक्षरं, काळी अक्षरं,
कोपरे गोधडीसारखे जाड.
दारात टेबल, टेबलामागे पोरं,
शेजारी दुसरं टेबल, पलीकडे तिसरं.
मागे त्याने लिहिलेलं:
"ही सगळी एकाच बाजूची म्हणे.
एकमेकांशी बोलत नाहीत. तुझी आठवण झाली."

शुद्धोदनने फोटो खिडकीशी नेऊन पाहिला.
गजू गोरिवलेला त्यात थीटा सापडला, मग सिग्मा, मग पाय.
"त्रिकोणमितीच हाय की," म्हणाला,
"म्हंजे सुटंल."

त्या सोमवारी साडेपाच वाजले
आणि लॅबमधल्या एकवीस जणी उठल्याच नाहीत.
ॲप्रन घालून स्टुलांवर बसून राहिल्या.
हे आम्ही ठरवलेलं नव्हतं.
दोन्ही संघटनांनी नंतर ठरवल्याचं सांगितलं.

आठला प्राचार्य आले, नऊला पालक,
कुणी रिक्षाने, कुणी मासळीच्या टेम्पोतून.
रेहानाचे वडील तिला ओरडायलाच आले होते.
दारातच प्राचार्य भेटले, म्हणून आधी त्यांना विचारलं,
"मग पोरीनं घरी यायचं कसं?"
उत्तर येईना, तसे तेही एका स्टुलावर बसले.
स्टूल उंच होतं.
त्यांचे पाय लोंबत होते, वहाणा तशाच,
वहाणांना खवले.

बारा दिवसांनी गाडी पावणेसहाची झाली.
प्रायोगिक तत्त्वावर. पावसपर्यंतच.
आम्ही विजयाचं पत्रक काढलं,
म्हणजे दोन काढली.
पावसच्या पुढचं अंतर गजू चालायचा,
बॅटरी विझवून, सेल वाचवत.
फेब्रुवारीत तो वर्गात दिसेनासा झाला.
एप्रिलात मला बाजारात दिसला,
आंब्याच्या पेट्यांना खिळे मारताना.
दोन खिळे ओठांत होते,
त्यामुळे तो काही बोलला नाही,
आणि माझ्या ओठांत काहीच नव्हतं, तरी मीही.

रात्री पातेलं चुलीवर ठेवलं.
आई म्हणाली, "आता कसली खळ? गाडी मिळाली ना?"
"पूर्णगडची," मी म्हटलं.
तिने डबा उघडून आत पाहिलं, हलवला, परत पाहिलं.
"पीठ नाय. कण्या घे.
कोंबड्यांस्नी मी सांगतंय कायतरी."