सव्वासहा फूट

भुसावळच्या हायवेला, यार्डात,
दोन यंत्रं उन्हात उभी होती.
एक जुना डोझर,
चेनच्या कड्यांत कुठल्यातरी भलत्याच गावची लाल माती.
दुसरा बुटका, टायरचा, पुढे बकेट,
उभ्या जागी गर्रकन फिरणारा स्किड स्टीअर.

"वजन किती?" मी विचारलं.
मालकाने उत्तर दिलं भाच्याकडे बघून.
मी पुन्हा विचारलं.
अठ्ठावीस वर्षं सावद्याच्या पोस्टात
काट्यावर ठेवल्याशिवाय
एक पार्सल पुढे सरकू दिलं नाही मी,
आणि हे तर आठ टनांचं.

जमीन तीन एकर, ऐनपूरच्या खाली,
तापीकडे उतरत गेलेली.
वर काळी, खाली पांढरी,
मध्ये पाण्याने चिरत नेलेल्या नाळी.
नाना गेल्यापासून तिथे वेडी बाभूळ नांदते,
एवढी दाट की बकरीही बाहेरूनच शेंगा खाते.
भाऊ फोनवर म्हणतो, विकून टाक,
वीटभट्टीवाला विचारत होता.

रमजान तडवीला सोबत नेलं होतं.
त्याच्या करंगळीला टोक नाही,
कुठल्या जॅकने खाल्लं ते सांगत नाही.
रंगाकडे त्याने पाहिलंच नाही,
उकिडवा बसून
चेनची पिन अंगठ्याने हलवून बघत राहिला.

"ताई, बाभूळ वरून तोडली तं हासते.
मुळासकट उपटाले पाहिजे.
अन् तिचा काटा टायरले सोडत नही."
मग डोझर घेऊ.
"डोझर वरची माती बी ढकलत नेईन.
काळी जाईन तापीत, तुमच्याजोळ राहीन मुरूम."
मग टायरचा.
"पान्यात फसला तं काढाले डोझर लागीन."
रमजानभाऊ, मग घेऊ तरी काय?
"चहा घ्या."

चहा झाला. गोड फार होता.
परतताना बसमध्ये
सावदा येईपर्यंत मी दोन्ही यंत्रं
त्या बाभळीत घालून पाहत होते,
आणि फैजपूरच्या फाट्यावर लक्षात आलं
की ती अजून शेतात शिरलीच नाहीत.

शेताची वाट गोदूबाई फेगडेच्या निंबाखालून जाते.
एका बाजूला निंब, दुसऱ्या बाजूला हद्दीचा दगड.
याच वाटेवरून नाना आणि तिचा नवरा
अकरा वर्षं रावेरच्या कोर्टात उभे होते.
दोघंही आता नाहीत.
तारखा पडायच्या थांबल्या,
बोलणं सुरू व्हायचं राहून गेलं.

सकाळी टेप घेऊन गेले.
एक टोक दगडावर ठेवलं की निंबापाशी सुटे,
निंबाला लावलं की दगडावरून घसरे.
तिसऱ्या वेळी ते घसरलं नाही.
वळून पाहिलं तर गोदूबाई,
अंगठ्याखाली दाबून धरलेली टेप.
"सव्वासहा," तिनेच वाचलं.

डोझरचं पातं आठ फूट,
तिरपं केलं तरी सात.
हे मी कुणाला सांगितलं नाही,
मनात वजाबाकी चालली होती.
तिने विचारलं, "निंब तोडशीन का?"
"नही."
"मंग बारकं घे, माय."

बारकं घेतलं. पाच फूट दहा इंच.
काट्यांसाठी टायर भरीव बसवून घेतले,
त्याचे पैसे मालकाने वेगळे लावले.
पान्याआधी काम उरकायचं, रमजानने बजावलं,
आणि बकेट जमिनीला लावायची नाही,
मुळाखाली दात घालायचे, उचलायचं, झटकायचं,
माती जिथली तिथे पडली पाहिजे.

वाटेतून यंत्र गेलं तेव्हा
दोन्हीकडे तीन-तीन बोटं उरली होती.
गोदूबाई निंबाच्या खोडावर हात ठेवून उभी,
जशी बुजरी म्हैस धरून
एखादी बाई गाडीला वाट देते.

पहिली बाभूळ निघाली.
मुळी इतकी लांब की रमजान शिवी देऊन हसला.
मी पुढे धावले, माती किती गेली बघायला,
आणि काटा भरला तो माझ्याच पायात.
चपला तेवढ्या जुन्याच होत्या.

बांधावर बसले.
गोदूबाईने अंबाड्यातली पिन काढली,
पदराला पुसली,
म्हणाली, "पाय इकडे कर."