दुसऱ्या पावलाला वेळ लागतो

फिलोमिना म्हणाली, साडी चालेल गे,
फक्त घोट्याच्या वर चार बोटं नेस,
पदर खोच, पिन आतून लाव,
काचेच्या बांगड्या नकोत, समोरच्याच्या मनगटाला लागतात.
आणि रबरी तळव्याची चप्पल तर मुळीच नको,
ती फरशीला धरून बसते :
वळताना गुडघा वळतो, पाय तिथंच.

जोडीदाराचं म्हणशील तर
पहिल्यांदा विचारेल त्याला नाही म्हणायचं नाही.
एकाच माणसाबरोबर लागोपाठ दोनपेक्षा जास्त नाही, लोक मोजतात.
बोलत बोलत नाचणाऱ्याला टाळ.
ज्याच्या बायकोचे गुडघे गेलेत त्याला एक नाच द्यावा,
बायकोला विचारून.

तिची बहीण लोंढ्याहून येणार नव्हती,
तिकीट वाया जात होतं, म्हणून मी.
वीस वर्षं तिचे गाऊन मीच शिवते,
वडगावात, मागांच्या खटखटीत.
कॅम्पातल्या नाचाला कोण काय घालून येणार
हे आधी माझ्या वहीत असतं.
हॉल मात्र मी आतून पाहिला नव्हता.

शहापुरी नेसले, वांगी रंगाची,
आईच्या ट्रंकेतली वगैरे नाही,
हप्त्यानं घेतलेली, शेवटचा हप्ता बाकी.
गणपत गल्लीच्या कोपऱ्यावर चपलेला
चामड्याचा तळवा मारून घेतला. साठ रुपये.

फरशीवर पावडर भुरभुरलेली.
खानापूरचा ट्रम्पेटवाला गाल फुगवून उभा.
मी भिंतीच्या खुर्चीत बसून कपडे वाचत राहिले :
हा कोट भाड्याचा. ही फ्रिल माझी.
त्या पोरीची झिप पण माझी, टिकेल.
याला बायकोनं घाईत बटण लावलंय, दोरा काळा.

"नाचूया काय, बाई? मला पण नीट येत न्हाई."
चनबसप्पा, देसूर स्टेशनचे निवृत्त पॉइंट्समन.
उभी राहिले. नियम होता.

त्यांचा हात माझ्या पाठीवर आला,
खांद्याच्या हाडाखाली,
बरोब्बर जिथं मी पहिली टाचणी लावते.
या हातांनी किती पाठी मोजल्या असतील,
साडेचौदा, सोळा, एक तर एकवीस.
माझी कुणी मोजली नव्हती.
माझे ब्लाऊज मी जुन्या ब्लाऊजवरून बेतते.

मी मनात एक, दोन, तीन.
ते ओठांत ओंदु, एरडु, मूरु.
आणि पाय पायावर.
पुन्हा. पुन्हा पाय पायावर.
मग लक्षात आलं, त्यांच्या एरडुला
माझ्या दोनपेक्षा जास्त वेळ लागतो.
ते दुसऱ्या पावलावर जरा थांबतात,
रूळ बदलल्यावर
लिव्हर बसला की नाही बघावं तसे.

बाहेर चौकातल्या पाटीवर
कुठली अक्षरं वर, कुठली खाली,
यावरून दगड पडलेत.
बंदला मी पण शटर ओढलंय,
अर्धं, गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर येऊ दे म्हणून.

तिसऱ्या फेरीला मी दोन जरा लांबवला.
दो-ऽ-न.
चप्पल घसरली, साठ रुपयांची, हवी तशी.

दोन गाणी झाली. फिलोमिनानं लांबून
दोन बोटं दाखवली, मी बघितलं नाही.
तिसऱ्याला ते म्हणाले, लोक बगत्यात.
म्हटलं, तुमची डावी बाही अर्धा इंच लांब आहे, तेच बघत असतील.
मंगळवारी आणून द्या.
मंगळवारी नको म्हणाले, संकेश्वरला जायचंय,
बुधवारी?
बरं, बुधवारी.

सोमवारी मशीनवर
दुसऱ्या ठोक्याला पाय रेंगाळला.
टाका लांब पडला.
उसवला,
आणि परत घातला तो तसाच पडला.