पाण्याचा वार

आमच्याकडे केक करायचा तर आधी नळाचा दिवस बघावा लागतो.
पाचव्या दिवशी पाणी. त्याच दिवशी मैदा.
भांडी किती पडतील,
श्रावंती नऊ वर्षांची आणि मारकंड सहाचा असताना
कोणी सांगावं?

पद्मजा सकाळी सातलाच गेली
शाळेचे गणवेश शिवायला. जूनच्या आधीचे हे दिवस,
कॉलर, खिसा, कॉलर, खिसा.
जाताना म्हणाली, कुकरची शिट्टी काढा, रिंग काढा,
आणि लोणच्यासाठी ठेवलेलं मीठ घेऊ नका.
आम्ही तेच घेतलं. दुसरं नव्हतं.

श्रावंतीने वहीत उतरवलेलं मोठ्याने वाचलं:
एक कप मैदा, पाऊण कप साखर, अर्धा कप दही.
कप म्हणजे कुठला, नाना?
फळीवर तीन. एक पतपेढीने दिलेला,
एक महानंदाकाकूंचा, परत द्यायचा राहिलेला,
एकाला कान नाही.
बरीच चर्चा होऊन बिनकानाचा निवडून आला.
तो दोन्ही हातांनी धरावा लागतो, म्हणून सांडत नाही,
असं मारकंडचं म्हणणं.
सांडलंच.

मी एकवीस वर्षं मागावर काढली.
टॉवेलची किनार दोन सूत हलली तर
अंधारात बोटाला कळायचं.
पण 'मिश्रण रिबिनीसारखं पडेपर्यंत फेटा'
हे काही कळेना. कुठल्या रिबिनीसारखं?
श्रावंतीने वेणीची सोडून दाखवली,
लाल, एका टोकाला उसवलेली.
असं होय. पडू द्यायचं, तुटू द्यायचं नाही.
हे आधी सांगायचं की.

मैदा कमी पडला. डब्यात ज्वारीचं पीठ होतं,
मालदांडीचं, कालच दळून आणलेलं.
घाला, म्हणाली ती, कोणाला कळतंय.

कुकरमध्ये मीठ, मिठावर ताटली, ताटलीवर डबा.
पस्तीस मिनिटं.
मारकंड घड्याळासमोर मांडी घालून बसला,
मोठा काटा हलताना दिसतो का बघत.
बाहेर त्रेचाळीस डिग्री. आतलं विचारू नका.

विसाव्या मिनिटाला नळ खोकला.
ठरल्या वेळेच्या दोन तास आधी!
बोळात आरोळी उठली, पाणी आलं की ओ!
मग कसला केक.
पिंप, घागरी, बादल्या, न्हाणीतलं टाकं,
श्रावंती पाइप धरून, मी मोटरीपाशी,
दोघांचे पाय चिखलात, कपाळाला पीठ.
मारकंडने जागा सोडली नाही.
पस्तीस झाले, नाना. छत्तीस झाले.
एकेचाळीस.
मोटरीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.
आणि गॅसला हात लावायचा नाही,
हे त्याला मीच शिकवलेलं.

खालून काळा, वरून बदामी, मधे खचलेला.
मी ओरडलो. कोणावर, ते अजून ठरलेलं नाही.
तो रडला नाही. एवढंच म्हणाला,
मी मोजत होतो.

उंबऱ्यात बसून विळीने खालची बाजू खरवडली.
वाचलेल्या भागावर त्याने शेंगाची चटणी लावली,
भाकरीला लावतात तशी, दाबून.
आधी गोड, मग लसूण, मग नाकातून पाणी.
श्रावंती म्हणाली, शी.
आणि दुसरा तुकडा घेतला.

पद्मजा आली तेव्हा बाहीला निळे धागे चिकटलेले.
उभ्यानेच खाल्लं तिने.
ज्वारी घातली ना?
कसं कळलं?
दाताला कळतं. पाणी भरलं सगळं?
मग मिठाची बरणी दिसली तिला. आत मीठ तांबूस झालेलं,
वर श्रावंतीची चिठ्ठी: केकचं. लोणच्यात घालू नये.
त्यावर ती काही बोलली नाही,
म्हणजे ते पुढं कधीतरी निघणार.

रात्री सिलिंडर बंद करून
मारकंडला शेगडीपुढे स्टुलावर उभं केलं.
हे बटण. असं दाबायचं, असं फिरवायचं.
त्याने अकरा वेळा फिरवलं.
दर वेळी माझ्याकडे बघून सांगितलं,
बंद.