तार

वायोमिंगच्या माळावर बारावा दिवस.
सहा जण, पाण्याचं एक पिंप,
आणि कुणीतरी कधीतरी ताणलेली
नऊ मैल काटेरी तार.

गुरं केव्हाच गेली, गुरांचा मालकही.
जमीन सरकारची, म्हणजे सगळ्यांची,
म्हणजे, मॅरेन म्हणते, माझी पण.
आणि पक्कड मारते.

तोडली तरी तार रिळाची आठवण सोडत नाही,
गपकन वेटोळं होऊन मागे येते.
टोबायसच्या मनगटावर तिची सही आहे,
येईल त्याला तो ती उन्हात धरून दाखवतो.

उपटलेले खिळे कॉफीच्या डब्यात.
लोर्ना रोज रात्री ते मोजते, खांबांच्या हिशोबाने.
एक कमी भरला तर बॅटरी घेऊन परत जायचं.
खूर आतून मऊ असतो, एवढंच म्हणते.

घरी फोन लागला तर
फोडांबद्दल कुणी सांगत नाही.
इथे वारा फार आहे, सांगतात.

आज पहाटे सेजच्या झुडपांतून
प्रॉन्गहॉर्नची मादी आली, मागे दोन पिल्लं.
कालपर्यंत तार होती तिथे थबकली.
मान खाली घातली, गुडघे दुमडले
आणि पोट मातीला घासत
गेली सरपटत
नसलेल्या तारेखालून.
मग एक पिल्लू. तसंच.
मग दुसरं.

आमच्या हातात कॉफी गार होत गेली.
टोबायस काही बोलणार होता, राहिला.

मॅरेनने हातमोजे झटकले.
अजून चार मैल उभे होते.