मागीर?

बाबा सावईवेऱ्याच्या देवळात प्रॉम्प्टर होते.
वर्षाचे तीनशे साठ दिवस सुपारी सोलायची,
उरलेल्या पाचांत बादशहाला, सुनेला, दारुड्या मामंजींना
शब्द पुरवायचे.
विंगेत त्यांच्या मांडीवर मी,
माझ्या मांडीवर खाज्यांची पुडी,
वही दोघांच्या मध्ये, टॉर्चच्या पिवळ्या वर्तुळात.
पान उलटायचं काम माझं.
कुणी अडलं की बाबा ओठ न हलवता वाक्य सोडत,
कुळागरातल्या पाटात पान सोडावं तसं.
ते बरोबर त्या नटाच्या पायाशी जाऊन लागे.

एका जत्रेला मामंजी खरंच पिऊन आले.
दुसरा अंक अख्खा बाबांनी म्हटला,
मामंजींनी नुसते हात केले.
टाळ्या मामंजींना.
परतताना मी रागाने बोलले, तर म्हणाले,
"ऐकू गेलं ना सगळ्यांना?"
आणि टॉर्च विझवला. सेल महाग होते.

पुढे मी रंग लावला. एकोणीस नाटकं,
अकरांत कुणाची ना कुणाची सून.
फोंड्याच्या स्पर्धेत पदक मिळालं,
त्याचं सोनं चवथीपर्यंत उतरलं.

सिनेमावाले बेतूलच्या जेटीवर आले,
वाटलं, मासळीवालीच्या कामाला बोलावलंय.
मासळीवाली त्यांनी मुंबईहून आणली होती.
मला कॅमेऱ्याशेजारी पत्र्याच्या डब्यावर बसवलं:
हिरोच्या आईच्या ओळी म्हणा, आई उद्या येणार आहे.
तो माझ्याकडे बघून रडला. चौदा वेळा.
पंधराव्यांदा मीही,
तर दिग्दर्शक म्हणाला, बाई, तुमचा आवाज कापायचाच आहे.

मडगावला तिकीट काढून पाहिला तो सिनेमा.
त्याचे डोळे जिथे लागलेत तिथे,
पडद्याच्या जरा डावीकडे, भिंतीवर जिथे पंखा आहे,
तिथे मी आहे.
शेजारणीला दाखवलं. ती म्हणाली, कुठे?

मग तसलीच कामं येत गेली.
दोन खोकले, एक किंकाळी,
एका मरणाऱ्या आजीचं शेवटचं वाक्य, कारण खरी आजी दौऱ्यावर.
नाटकवाले म्हणायचे, ही आता सिनेमातली.
सिनेमावाले म्हणायचे, बाई, नाटकातल्या तुम्ही, थोडं कमी करा.

गोष्टींकडे मी वळले वगैरे नाही.
सांग्याला बस चुकली.
वाचनालयाच्या व्हरांड्यात नऊ मुलं
बाईंची वाट बघत बसलेली, बाई बाळंतपणाच्या रजेवर.
मी एका खेकड्याचं काहीतरी सांगितलं.
दुसरी बसही चुकली.
याला सात वर्षं झाली, दर शनिवारी.

गेल्या शनिवारी खेकडा साळावलीच्या धरणावर चढला
आणि माझ्या डोक्यातून निघून गेला.
पुढे काहीच नाही.
बोट वर, तोंड उघडं.
मुलांना वाटलं, मुद्दाम थांबलेय.
एकसष्टाव्या वर्षी नटीला कळतं
थांबणं कुठलं आणि रिकामं होणं कुठलं.

"मागीर?" कुणीतरी विचारलं.
कोंकणीतलं 'मग?',
एक अक्षर जास्त, तेवढाच काय तो वेळ.

दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ,
सुरंगी वेळीप बसते. तिसरीत.
माझ्या कुठल्याच गोष्टीला ती हसलेली नाही.
तिने ओठ न हलवता सोडलं:
"तो मामाच्या घरी गेला."

खेकड्याला मामा नव्हता.
सात वर्षांत कधीच नव्हता.
पण वाक्य आलं होतं,
येऊन माझ्या पायाशी लागलं होतं.

मी बोट खाली घेतलं.
"तो मामाच्या घरी गेला!"
म्हटलं मोठ्याने, रस्त्यापलीकडच्या पोदेरालाही ऐकू जाईल असं,
आणि चपलांच्या ढिगाकडे बघत राहिले
पुढचं पान उलटेपर्यंत.