चोवीस तासांची उजळणी

काल उठल्यापासून आज उठेपर्यंत
जे जे तोंडात गेलं ते सांगा.
पाणीसुद्धा.
असं मी विचारते, मांडीवर फळी, फळीवर कागद,
शेफील्डच्या विद्यार्थी संघाच्या जिन्याखाली,
आणि समोर मांडते चमचे, तीन मापांच्या वाट्या,
मातीचा एक ओला गोळा.
भात किती, ते दाखवायला.

कॅलम बार्न्सलीचा. म्हणाला,
नाश्ता म्हणजे नेमकं काय धरायचं?
दुपारी दोनला एनर्जी ड्रिंक, निळं.
चारला चिप्स, वर चीज.
मग बिअर, ती कोण मोजतं?
आणि पहाटे तीनला कबाब,
तो कालचा की आजचा?
मी नियमावली उघडते.
झोपला नव्हतास ना, मग कालचाच.
तो खूश झाला, परीक्षेत एक गुण वाढल्यासारखा.

इफेओमाच्या कर्जाचा हप्ता यायला अजून अकरा दिवस.
नूडल्सचं एकच पाकीट. अर्धं सकाळी, अर्धं रात्री.
मसाल्याची पुडी मात्र, ती हसून म्हणाली,
मी तीन दिवस पुरवते.
हसणं लिहायला जागा नव्हती.

मग ब्रॉन्वेन.
बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.
सफरचंद, म्हणाली. एक.
थोडं थांबून: मोठं नव्हतं.
आणि भात?
तिनं गोळा उचलला, बराच वेळ फिरवला,
मग त्यातून चिमूटभर माती काढून माझ्या तळहातावर ठेवली.
एवढा.
मी उगाचच खोडरबर शोधत राहिले.
समुपदेशन केंद्राचं पत्रक तिच्या कागदांत सरकवलं,
तिनं ते न बघता नीट, अगदी नीट, चार घड्या घालून
खिशात ठेवलं.

प्रश्न सतरावा: मागच्या आठवड्यात जेवण टाळलंत का?
कधीच नाही, क्वचित, बरेचदा, रोज.
इथं आणखी एक रकाना हवा होता,
कुणी विचारलं नाही म्हणून.

सरावासाठी पहिला फॉर्म स्वतःचा भरायचा असतो.
मी भरला होता ऑक्टोबरातच, सुवाच्य अक्षरात:
वरण-भात, पालकाची भाजी, वाटीभर दही.

खरं तर फोडणी एकदाच केली इथं.
मोहरी तडतडली आणि धुराचा भोंगा किंचाळला,
चिमूटभर मोहरीपायी एकशे चाळीस माणसं
पायजम्यात, थंडीत, रस्त्यावर.
तेव्हापासून साडेआठला दुकानात जाते,
पिवळी चिकटी लावून किंमत पाडतात त्या फळीशी.
तिथं आमच्या वर्गातले निम्मे भेटतात,
कुणी कुणाला ओळख देत नाही.
फ्रिजमधल्या माझ्या कप्प्यावर चिकटपट्टी आहे,
मृण्मयी मावेना, म्हणून नुसतं मृन.
आत अर्धा लिंबू आणि कुणाचं तरी केचप.

रविवारी जालन्याहून आईचा फोन.
जेवलीस?
हो.
काय?
या दुसऱ्या प्रश्नाला आमच्या अभ्यासक्रमात
खोदून विचारणं म्हणतात, त्यावर दोन तासांची कार्यशाळा झाली.
आईला कुणी शिकवलं कोण जाणे.
मी म्हटलं, इथं आवाज तुटतोय.

काल रात्री तो पहिला फॉर्म काढला.
वरण-भात खोडला. पालक खोडला.
दह्याशी जरा रेंगाळले.
मग लिहिलं: बीन्स, डब्यातलेच, गार, अर्धा डबा.
तीन बिस्किटं.
उभ्यानं.

उभ्यानं, याला रकाना नाही.
समासात लिहिलं,
घरी असते तर आजोबांनी
पाटावर बसवलं असतं हेही लिहिणार होते,
पण समास संपला.

गुरुवारी दुसरी फेरी आहे.
ब्रॉन्वेनची वेळ सव्वाअकरा.
गोळा सुकून भेगाळलाय,
तिच्या अंगठ्याचा खळगा अजून आहे त्यावर.
नवा करायला माती आहे ढीगभर.
मी हाच ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय.