एका दिवसाची रजा

समुद्राला चार दिवस लागतात, रजा एकच मिळाली.
म्हणून गुहागर राहिलं,
आणि आम्ही निफाडवरून आत वळलो,
घडांना कागद गुंडाळलेल्या बागांमधून.
मागच्या सीटवर शाल्मली, गप्प,
पोहायची ट्यूब तरीही फुगवून मांडीवर.

चापडगावला भिका चव्हाणके
दुर्बिणीचं तिकाटणं रोवून उभा:
"घाई नका करू. पाणी आधी तुम्हाला बघतं."

बाभळींतली पायवाट, मनोऱ्यापर्यंत जेमतेम अर्धा कोस.
मी दोनदा थांबलो, गुडघ्याचं नाव न काढता.

मग बेशरमीच्या शेंड्यांना घासत
दलदल ससाणा आला
आणि सगळं तळंच उठलं.
बदकं होती ती, हे नंतर कळलं.

एक चक्रवाक तेवढा चिखलात बसून राहिला,
भगवा, ढिम्म.
"लडाखहून आलाय," भिका म्हणाला,
"आता कशाला उठतोय?"

ओझरला चहा घेताना तिनं विचारलं,
"त्याला वाटेत समुद्र लागतो का?"

मला माहीत नव्हतं.

ट्यूबमधली हवा तिनं स्वतःच सोडली,
थोडी थोडी,
आडगाव येईपर्यंत पुरवून.